मावशीच्या चपला

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, पण यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. माझी मावशी भुताखेतांच्या गप्पा मारणारी नव्हे. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई, डोळ्यांना दिसेल तेच मानणारी.

हिवाळ्यातली संध्याकाळ होती. जैन तीर्थाची टेकडी. वर मंदिर, पलीकडे जुन्या किल्ल्याचा पडका बुरूज.

मावशी दर्शनापेक्षा एका उत्तरासाठी तिथे गेली होती.

काही महिन्यांपासून काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, लक्षण ठीक नव्हतं. फोन वाजला की जिन्यात जाऊन बोलायचे. मावशीने फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "तीर्थाला जाऊ. देवासमोर खरं काय ते सांगतो."

तिथे पायथ्याशी चपला ठेवून अनवाणी चढायचं. चपलांची मांडणी रिकामी झाली, म्हणजे टेकडीवर कुणी यात्रेकरू उरला नाही. मग चपला सांभाळणारा फाटकाला कुलूप लावतो. तिथली रीतच ती.

दर्शन झालं. मावशीने मूर्तीसमोरच विचारलं, "बोला आता."

काकांनी मान खाली घातली. "बुरूज बघून येतो. मग बोलू."

मावशी सभामंडपात खांबाला टेकून बसून राहिली.

ऊन उतरलं. माणसांचे आवाज हळूहळू कमी झाले. मग घंटाही वाजेनाशी झाली...

आणि पायऱ्यांवरून काकांचा आवाज आला.

ते बोलत होते. मध्येच थांबत होते... कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे.

पण दुसरा आवाज नव्हता.

"अहो!" मावशीने हाक मारली. ती उठून पायऱ्यांशी आली.

खालच्या वळणावर ते दिसले. एकटेच. एक हात बाजूला धरलेला... मावशीला आधार देताना धरायचे, अगदी तसा.

मावशी धडपडत खाली आली. फाटकाला कुलूप.

तिने फाटक गदागदा हलवलं. चपला सांभाळणारा शेजारच्या खोलीतून आला आणि तिला बघून जागीच थबकला.

"मांडणी रिकामी बघूनच कुलूप लावलं मी. तुमच्या मिस्टरांनी दोन्ही जोड नेले."

"ते एकटेच होते ना?"

"तुम्ही होतात की..." तो चाचरत म्हणाला. "माझ्यासमोरच चपला घातल्यात."

मावशी अनवाणीच मुक्कामाच्या खोलीवर पोचली.

काका खाटेवर बसले होते. डोळे रडून लाल, पण चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं.

"फार मोठं मन आहे गं तुझं. मला वाटलं, सोडून जाशील."

"का जाईन? काय केलंत तुम्ही?"

"आता पुन्हा तेच कशाला? सगळं सांगितलं, तू माफही केलंस."

"मी वर बसले होते. तुमची वाट बघत."

काका पांढरेफटक पडले. पण क्षणभरच. मग त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

याला बरीच वर्षं झाली. त्यांनी काय केलं होतं, हे मावशीला आजही ठाऊक नाही.

"तिची भीती नाही वाटत मला," ती म्हणते. "माफ करायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं. तिने परस्पर करून टाकलं, आणि यांना ते चाललं. चीड येते ती याची."

परवा मी त्यांच्याकडे गेलो. मावशी बाल्कनीच्या दाराआड उभी होती. तिने मला गप्प राहायची खूण केली.

बाहेर काका समोरच्या रिकाम्या खुर्चीशी हळू आवाजात बोलत होते.

मग हसले...

"छे, हिला कशाला सांगू?"