एका वेळी एकच भिंत

तो आला होता बारीक दिव्यांचं दुकान विचारायला. पण तिच्या शुभेच्छापत्रांच्या दुकानात टेबलावरचं मशीन नखाएवढी जाळी कापत होतं, आणि स्वारी पत्ता विसरून तिथेच खिळली.

"यातून... स्टेशन निघेल?"

"रेल्वेचं? त्यासाठी सरकारकडे जा!"

तो हसला. ते हसू तिला चांगलंच महागात पडलं.

त्याचे वडील निवृत्त स्टेशनमास्तर. घरच्या टेबलावर त्यांनी छोटी रेल्वे मांडली होती, रूळ, बोगदा, सगळं. स्टेशन तेवढं राहिलं होतं.

पातळ पुठ्ठ्याचे थर कापायचे, एकावर एक चिकटवायचे, की झाली भिंत. सगळं मिळून एका दुपारचं काम. पण तिने बेधडक थाप ठोकली, "मशीन नाजूक आहे हो. एका वेळी एकच भिंत."

"मग उद्या येऊ?"

"या की!"

तो येत राहिला. ती थर जुळवायची, तो कडा दाबून धरायचा. डिंक केव्हाच वाळलेला असायचा... तरी दोघांची बोटं तिथेच.

"वाळला?"

"छे, ओला आहे अजून."

एके दिवशी मात्र तो कडा धरायला बसलाच नाही.

"काल बाबांना समोरचं इंजिन दिसलं नाही. नजर जाणार हे डॉक्टर म्हणालेच होते... पण इतक्या लवकर..."

तिने दुकानाचं दार लावलं आणि उरलेलं सगळं स्टेशन त्याच दुपारी कापून काढलं. तो बघत राहिला.

संध्याकाळी त्याच्या घरी मास्तरांनी स्टेशन उजेडात धरलं, डोळ्यांना टेकवलं. मग हळूच मांडीवर ठेवलं. "मला बघायचं होतं रे हे," एवढंच म्हणाले.

ती स्वयंपाकघरात पळाली. तो मागोमाग आला.

"थाप होती ती!" तिला हुंदका आवरेना. "तुम्ही यावं म्हणून काम लांबवत राहिले मी."

"पहिल्याच भिंतीला कळलं होतं मला. बाबांची नजर माहीत असून गप्प बसलो. तुम्ही आवडता म्हणून... माझी चूक मोठी."

"डोळे गेलेत माझे, कान नाहीत," बाहेरून आवाज आला. "इकडे या दोघं."

मान खाली घालून दोघं पुढे उभी राहिली. मास्तरांची बोटं विटांवरून, खिडक्यांवरून फिरत एका चौकटीशी थांबली.

"ही तिकीटखिडकी. याची आई इथे यायची. गाडी लेट आहे, बसा, असं मी रोज सांगायचो. गाडी असायची अगदी वेळेवर! एकदा खरंच चुकली तिची. परीक्षा बुडाली बिचारीची."

"मग?" तिने डोळे पुसत विचारलं.

"वर्षभर बोलली नाही माझ्याशी. मग लग्न केलं." "रागावलोय मी तुमच्यावर, हे लक्षात ठेवा. पण तुम्ही वर्ष घालवू नका."

त्याने तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं...

"हो," ती म्हणाली, त्याने विचारायच्या आधीच.