भरतीरेषा

वेसरे खाडीच्या मुखाशी असलेल्या भरती-वीजकेंद्राच्या नियंत्रणकक्षाच्या काचा सकाळी साडेदहालाच थरथरू लागल्या. चक्रीवादळ दुपारपर्यंत किनाऱ्याला लागणार होतं, आणि आज अमावास्येची भरती होती.

"पाती थांबवतो," इंजिनीअर इक्बाल मुकादम म्हणाला. "वादळात जलचक्र्या बंद. नियमच आहे."

"नको!" डॉ. हेमांगी तांडेल जवळजवळ ओरडलीच.

सहा वर्षांपूर्वी ही जागा तिनेच निवडली होती. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की त्यातली शक्ती आठपट होते. म्हणून खाडीचा सर्वांत चिंचोळा गळा शोधून तिथे तिने बारा जलचक्र्या पाण्याखाली बसवल्या होत्या. आता मात्र तिची नजर खाडीच्या आतल्या बाजूच्या पाणीमापकाच्या आकड्यावर खिळली होती.

"पाती पाण्याचा जोर काढून घेतात, इक्बाल. जोर गेलेलं पाणी आत कमी शिरतं. सहा वर्षं आतली भरती हातभर खालीच राहिलीय. आपण बिनभिंतीचं धरण बांधून बसलोय."

"मग?"

"त्या भरवशावर खाजणात, खाडीकाठच्या सखल जमिनीत, चाळीस घरं उभी राहिलीत. पाती थांबली, की अडवलेली भरती आत येईल."

इक्बालने बटणावरचा हात मागे घेतला. "फिरती ठेवली तर तुटतील. तासभर टिकतील, फार तर."

हेमांगीने सरपंच द्रौपदी भाटकरांना फोन लावून खाजण रिकामं करायला सांगितलं.

"अगो, भरती आता इथवर येत नाही, असं सभेत तूच सांगितलंस ना?"

"सांगितलं होतं, काकी. चुकले मी. सगळ्यांना घेऊन शाळेत जा. शाळा जुन्या भरतीरेषेच्या वर आहे."

तो तास संपता संपेना. पाच जलचक्र्या तुटल्या. प्रत्येक वेळी जमिनीखालून धक्का आला आणि पडद्यावरचा एक दिवा विझला. अखेर काकींचा निरोप आला, खाजण रिकामं झालं. इक्बालने उरलेली पाती थांबवली.

पाणी चढलं. वीतभर, हातभर. जुन्या रेषेला टेकलं, आणि थांबलं नाही.

"वादळाने येणारा पाण्याचा फुगवटा हिशेबात धरला होतास ना? वरून येणारा नदीचा पूर?" इक्बालने विचारलं.

"दोन्ही धरले होते." ती पुन्हा पाणीमापकाकडे वळली. "गाळ! मंदावलेलं पाणी गाळ खाली टाकतं. सहा वर्षं पात्र भरत आलंय. पुराला जायला वाटच नाही."

ती ज्या रेषेवर विसंबली होती, ती जुन्या खाडीची होती. ती खाडी आता उरलीच नव्हती.

"काकी, शाळा सोडा! टेकडी चढा!"

"कुठवर?"

आजवर या प्रश्नाला तिच्याकडे नेहमी आकडा असायचा. "ठाऊक नाही. जमेल तेवढं वर."

तीन वाजता शाळेच्या खिडक्यांना पाणी लागलं होतं. टेकडीवरच्या काजूंखाली एकशे ब्याण्णव माणसं कुडकुडत बसली होती. काकींनी तीनदा मोजली, एकही कमी नव्हतं. मग त्यांनी फोन केला.

"पाऊस ओसरलाय. ओहोटीही लागली असेल. माणसं खाली जाऊन भांडीकुंडी बघायची म्हणतायत."

हेमांगीने मापकाकडे पाहिलं. ओहोटी लागून दोन तास झाले होते. पाणी जेमतेम चार बोटं उतरलं होतं.

"कुणालाही उतरू देऊ नका, काकी," ती म्हणाली. "गाळाने खाडीचं मुख तुंबलंय. हे पाणी बाहेर पडायच्या आत पुढची भरती त्याच्यावर चढणार आहे."