एक मांजर बाकी

यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. पटलं तर वाचा, नाही पटलं तर हसून सोडून द्या. मीही आधी हसलोच होतो.

पण दामिनी माझी सख्खी मावसबहीण आहे. साप निघाला तर किंचाळत न बसता काठी शोधणारी बाई. हे सांगताना ती सारखी मागे वळून बघत होती आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

तिचं सासरचं गाव समुद्रपूरपासून थोडं आत. वेळ भर दुपारची. हो, दुपारचीच. असलं काही रात्रीच घडतं हे कोणी सांगितलं?

आमच्याकडे भाव चढेल या आशेवर लोक कापूस घरातच भरून ठेवतात. दामिनीच्या घरातली मधली खोली आढ्यापर्यंत भरलेली होती. चैत्र लागला तरी तशीच.

मांजरीला कापूस फार आवडतो. मऊ, ऊबदार. ती तिथेच विते.

म्हणून दामिनीच्या सासूचा, भागाबाईचा, एक नेम होता. नवा कापूस ओतून तुडवायच्या आधी ती वाटीत दूध घेऊन खोलीत जायची. मांजरीला हाक मारायची. पिल्लं असली तर टोपलीत घालून बाहेर आणायची. मगच माणसांनी कापसावर पाय ठेवायचा.

हिवाळ्यात एक दिवस अचानक आभाळ भरून आलं. कापूस अंगणात उघडा पडलेला. भागाबाई नेमकी केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेलेली. दामिनीचा नवरा कुंदन घायकुतीला आला. भराभर कापूस आत ओतला, वर चढला आणि दणादणा तुडवला.

दूध नाही. हाक नाही.

त्या दिवसापासून घरातली भुरी मांजर कोणाला दिसली नाही.

आदल्याच आठवड्यात तिचं पोट उतरलेलं दिसलं होतं, म्हणजे ती व्याली होती.

भागाबाई परत आली आणि कपाळाला हात लावून बसली. "आधी पाह्यलं काऊन नाई रे तू?"

"गेली असन कुठी. मांजरच त हाय," कुंदन म्हणाला.

आढ्यापर्यंतचा कापूस कोण उपसणार? विषय तिथेच मिटला. म्हणजे सगळ्यांना तसं वाटलं.

आता त्या दुपारचं सांगतो.

कुंदन समुद्रपूरला मेटॅडोर ठरवायला गेला होता. दुसऱ्या दिवशी कापूस जायचा होता. भागाबाई ओसरीवर देवाच्या वाती वळत बसलेली. दामिनीची अडीच वर्षांची गुंजन झोळीत झोपलेली. दामिनी शेजारीच भिंतीला टेकून मोबाईलवर खेळत होती.

खेळ अगदी साधा. एक चित्र येतं, त्यात मांजरं लपलेली असतात. शोधून बोट लावलं की मांजर रंगीत होतं. किती बाकी राहिली ते खाली लिहून येतं. ना मारामारी, ना गोळीबार. लहान पोरंही खेळतात.

त्या दुपारी नवं चित्र आलं.

एक घर. पुढे ओसरी, मध्ये खोली, मागे चूल. ओसरीवर झोळी.

"आई, पाहा न, आपल्याच घरावानी हाय!"

"पुरे कर ते मांजरायचं. जराशी पड," भागाबाई वर न पाहता म्हणाली.

चित्रातल्या झोळीत एक इवलंसं पिल्लू झोपलेलं होतं. दामिनीने मान वळवून गुंजनकडे पाहिलं. तीही तशीच, मुटकुळं करून. दामिनीला हसू आलं. ते पिल्लू तिने मुद्दाम शेवटी ठेवलं.

चुलीमागचं मांजर सापडलं. छपरावरचं सापडलं. माठाआडचं सापडलं.

खाली आलं, एक मांजर बाकी.

ती झोळीवर बोट ठेवायला गेली आणि...

चित्रातली झोळी रिकामी होती.

दामिनीने डोळे चोळले. उगाच इकडेतिकडे बोट लावून पाहिलं. काही नाही. शेवटी मदतीचं बटण दाबलं. ते दाबलं की लपलेल्या मांजराभोवती गोल येतो.

गोल आला... मधल्या खोलीवर. ती खोली चित्रात नुसती पांढरी होती. गोल खालच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून.

तेवढ्यात...

म्याऊ.

पोरगी उठू नये म्हणून फोनचा आवाज तिने कधीचाच बंद केला होता.

पुन्हा आला. दबलेला, कोंडलेला. फोनमधून येत नव्हता.

दामिनीने मान वळवली.

झोळी रिकामी होती.

"आई, गुंजन कुठी हाय?"

"तुह्याच बाजूले त होती वो!"

दोघी धावल्या. मधल्या खोलीचं दार उघडं.

"म्या वातीपुरता कापूस काढला अन् कडी लावलती! देवाशपथ लावलती!" भागाबाई ओरडली.

आत सगळं पांढरं. आवाज नाही. हाक मारली तर ती कापसातच विरायची. दामिनी म्हणते, "भाऊ, त्या घडीले कुठी हात घालू, समजेच नाई."

मग तिला तो गोल आठवला.

ती खालच्या कोपऱ्यात बसली आणि दोन्ही हातांनी कापूस ओरबाडू लागली.

"तिथं काऊन? थो त दगडावानी दबला हाय! वर पाह्य!"

दामिनीने ऐकलं नाही. नखं तुटली. खांद्यापर्यंत हात आत गेला आणि बोटांना... इवलासा पाय लागला.

ओढून काढली. ओठ निळे, नाकात कापूस. दामिनीने तिला पालथी घालून पाठीवर थापट्या मारल्या.

गुंजन खोकली. मग रडली. त्या रडण्यासारखं गोड काही आयुष्यात ऐकलं नाही, असं दामिनी म्हणते.

मग भागाबाईने त्या पोकळीत डोकावून पाहिलं आणि मटकन खाली बसली.

आत भुरी होती. वाळलेली, अंगाचं वेटोळं केलेली. पोटाशी ओळीने पिल्लं. आणि त्या ओळीत एक जागा मोकळी. ताजी, दबलेली, गुंजनच्या अंगाएवढी.

हिवाळ्यात तुडवलेला तो कापूस. त्यात काठी शिरत नाही. पोरगी तिथवर पोचली कशी?

संध्याकाळी कुंदनने भुरीला आणि पिल्लांना लिंबाखाली पुरलं. लहान पोरासारखा रडला. भागाबाईने वर दूध ओतलं आणि उशिराने का होईना, हाक मारली.

गाव म्हणतं, भुरीने पोरीला वाचवलं. जागा दाखवली.

मीही तेच म्हणालो. दामिनीने नकारार्थी मान हलवली.

"वाचवलं म्हणता भाऊ. पण तिले झोळीतून नेलं कोनं?"

तिने गुंजनला मांडीवर ओढून घेतलं.

"अन् पोरगी सापडल्यावर म्या फोन पाह्यला. अजून एक बाकीच होतं."

खेळ तिने काढून टाकला. दुपारी ती आता डोळे मिटत नाही. पदराचं टोक गुंजनच्या पायाला बांधून बसते.

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो. कापूस कधीच गेलाय, मधली खोली झाडूनपुसून रिकामी आहे. आम्ही चहा घेत होतो. गुंजन उठली आणि पदर ताणला जाईपर्यंत त्या दाराकडे चालत गेली.

मी कान देऊन ऐकलं. खरंच सांगतो, मला काही ऐकू आलं नाही.

गुंजन आईकडे वळून म्हणाली...

"माय, सोड न. थे मले बलावून राह्यली."