खरं दुखणं कसं ओळखायचं

"खोटं आहे," ती म्हणाली आणि सफरचंदाचा पुढचा घास घेतला.

मैदानावर सात नंबरचा खेळाडू घोटा धरून गडाबडा लोळत होता. स्टँडमधले निम्मे लोक पंचाच्या नावाने ओरडत होते, उरलेले निम्मे सात नंबरच्या नावाने. ती कुणाला उद्देशून बोललीच नव्हती. पण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने मान वळवली.

"कशावरून?"

"आता उठेल. आधी एका डोळ्याने पंचाकडे बघेल, मग उठेल."

सात नंबरने हाताच्या फटीतून पंचाकडे पाहिलं. पंचाने शिट्टी तोंडाकडे नेलीही नाही. मग तो उठला, चड्डी झटकली आणि हरणासारखा पळत सुटला. शेजारचा माणूस मात्र मैदान सोडून तिच्याकडेच बघत राहिला. स्टँडमध्ये लोक प्रश्न विचारतात ते भांडण उकरायला. याला खरंच जाणून घ्यायचं होतं... तसं डोळेच सांगत होते.

मग तिने सांगितलं, की ती फिजिओ आहे. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे गुडघे, खांदे आणि कमरा हेच तिचं जग. खरं दुखलं की माणूस आधी दुखलेल्या जागेकडे बघतो. नाटक करणारा आधी बघणाऱ्यांकडे बघतो. नेहमीच असं होतं असं नाही, पण बहुतेकदा होतं.

त्याने खिशातून छोटी वही काढली आणि ते चक्क लिहून घेतलं.

फुटबॉल तिच्या घरात बाबांमुळे आला होता. बाबांनी आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर दर रविवारी गोलपोस्टमागच्या बाकावर तीन मित्रांसह ठाण मांडलं. पंचांचे निर्णय चुकीचे कसे, हे ठरवणं एवढंच या चौघांचं काम. म्हणून सगळं स्टेडियम त्यांना पंचायत म्हणायचं. पंचायतीच्या मते आजवर एकही पंच डोळ्यांनी धड नव्हता. त्या आरडाओरड्याने तिचं डोकं उठायचं, म्हणून ती बाबांना बाकापाशी सोडून लांब, बाजूच्या स्टँडमध्ये बसायची. शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असायची.

पुढच्या रविवारी ती रिकामी नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

हा माणूस कुठल्याच संघासाठी टाळी वाजवायचा नाही. गोल झाला तरी ढिम्म. मात्र वहीत काहीतरी टिपत राहायचा, आणि तिची मान हळूहळू त्या वहीकडे कलू लागली. शेवटी त्यानेच वही तिच्यापुढे धरली. खेळाडूंचे नंबर होते आणि त्यांच्यापुढे बारीक रेघा. सहा नंबरपुढे पाच.

"हे काय?"

"सहा नंबरचे फाउल. शर्ट ओढला, टाचेला पाय लावला, कोपर टेकवलं... एकेक घेतला तर किरकोळ. कुणाला आठवतही नाही. पण दर दहा मिनिटांनी एकच माणूस किरकोळ चुकतो, तेव्हा ती चूक नसते."

"मग काय असतं?"

"धोरण," तो म्हणाला आणि थोडा लाजला, जरा जास्तच बोलून गेल्यासारखा.

तिला गंमत वाटली. कोण असेल हा? वार्ताहर म्हणावा, तर खाली त्यांच्या रांगेत का बसत नाही? एखाद्या संघाचा हेर? घरी येताना बाबा गोलकीपरने गोलकिकला किती सेकंद लावले त्याचा हिशेब सांगत, आणि ती हूं हूं करत दुसऱ्याच माणसाचा विचार करत असे. तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. ते खरं होतं. नखांच्या कडांना पांढरी भुकटी दिसायची. पण ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस तिला बरोबर ओळखू यायचा. रोज पाहायची तसे पेशंट.

"तुम्हाला लांबचं जरा कमी दिसतं," एकदा तोच म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"गुणफलक वाचताना तुम्ही डावा डोळा बारीक करता."

"म्हणजे मॅच सोडून तुम्ही माझा डोळा बघता?"

"खेळ थांबलेला असतो तेव्हा," तो गंभीरपणे म्हणाला. "हल्ली तो फारच थांबतो."

ती हसली. आणि मंगळवारी दुपारच्या सुट्टीत त्याच्या दुकानात गेली.

दुकान अरुंद होतं, पण स्वच्छ. मागच्या खोलीत उंच खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता. त्याने तिच्या नाकावर तपासणीची जड चौकट बसवली, कानामागचा केस एका बोटाने हलकेच बाजूला केला, आणि एकेक भिंग घालत विचारू लागला, "हे बरं... की हे?"

"पहिलं."

"आता? हे बरं, की हे?"

त्याचा आवाज इतक्या जवळून आला, की खालची ओळ आधी दिसत होती की आत्ता दिसायला लागली, हे तिला सांगता येईना. ती म्हणाली, "परत दाखवा." त्याने परत दाखवलं. मग आणखी एकदा. दोघांनाही घाई नव्हती.

बोलता बोलता भिंतीचा विषय निघाला. भिंत म्हणजे इथल्या मोठ्या संघाचा बचावपटू. उंच, रुंद, म्हणून ते नाव. सात महिन्यांपूर्वी एका सामन्यात तो पडला. संघ एका गोलने पुढे होता, दहा मिनिटं उरली होती. पंचाला वाटलं, वेळ काढतोय. त्याने पिवळं कार्ड दाखवलं आणि उठायला सांगितलं. भिंत उठायला गेला आणि पुन्हा कोसळला. गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध फाटला होता. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती त्या दिवशी क्लिनिकमध्ये होती, सामना पाहिला नव्हता. पण तेव्हापासून तोच गुडघा आठवड्यातून तीनदा तिच्या हाताखाली असायचा. पंचवीस अंशांवरून तीस, तिसावरून चाळीस असा करत करत तो तिने घाम गाळून शंभराच्या पुढे वाकवला होता.

"तो पंच एकदा माझ्यासमोर उभा राहायला हवा," ती चौकटीआडून म्हणाली. "मला त्याला नुसतं विचारायचंय, तुला दिसलं काय नक्की?"

त्याने तिच्या नाकावरची चौकट काढून घेतली. भिंगांशिवाय तक्ता धूसर झाला. तो मात्र जवळ होता, स्पष्ट दिसत होता.

"उभाच आहे," तो म्हणाला.

तिला कळायला क्षणभर लागला. काळा गणवेश, शिट्टी, मैदानाच्या मध्ये धावणारी ती आकृती... त्या आकृतीच्या अंगावर साधा निळा शर्ट चढवला, की हा.

"तू... आणि माझ्याकडूनच शिकत होतास?"

"शिट्टी हातात घेववत नाही तेव्हापासून. रजा मागून घेतलीय. पुढच्या वेळी तरी कळावं म्हणून—"

ती खुर्चीवरून उतरली, पर्स घेतली आणि निघाली. दारात त्याचा आवाज आला, अगदी हळू. "आधी सांगायला हवं होतं. तुम्ही शेजारी बसायच्या बंद व्हाल, म्हणून सांगितलं नाही."

त्या रविवारी ती बाबांशेजारी, पंचायतीच्या बाकावर बसली. बाबांनी तिचं तोंड पाहिलं, काही विचारलं नाही आणि थर्मासमधला चहा ओतून दिला. तिने एकदाच, अगदी एकदाच, बाजूच्या स्टँडकडे पाहिलं. दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. राग होताच. पण रागापेक्षा मोठी एक चुटपुट होती: एवढी मोठी चूक झाल्यावर माणसं तोंड लपवतात, नाहीतर दुसऱ्यावर ढकलतात. हा वही घेऊन शिकायला बसला. का?

शेवटी तिने भिंतीलाच विचारलं, तो पाय उचलायचा व्यायाम करत असताना. त्या पंचाला भेटशील का? भिंतीने वजन बांधलेला पाय हवेतच धरला, विचार केला आणि म्हणाला, "बोलवा ना, ताई. मलाही त्यांना एक सांगायचंय."

तो गुरुवारी आला. पलंगाशेजारी हात मागे बांधून उभा राहिला, शाळेत मुख्याध्यापकांसमोर राहावं तसा. त्याने माफी मागितली. सरळ, लांबण न लावता. ती कोपऱ्यात टॉवेलच्या घड्या करत होती; एकाच टॉवेलची घडी तिने चारदा घातली.

"पंचसाहेब," भिंत म्हणाला, "त्या दिवशी त्याआधी मी तीनदा पडलो होतो. आठवतंय?"

"आठवतंय."

"तिन्ही वेळा खोटा. कोचचा इशाराच होता. लांडगा आला रे आला, आणि चौथ्यांदा खरंच आला. चूक माझी आहे. तुमचीही आहे, पण ती नाही, जी तुम्हाला वाटतेय."

"मग कोणती?"

"पहिल्यांदा पडलो तेव्हाच कार्ड काढायला हवं होतं. तुम्ही तीनदा कानाडोळा केलात आणि साठलेला राग चौथ्यावर काढलात."

"पहिल्यांदा काढलं असतं तर तुम्ही भांडला असता."

"भांडलोच असतो की. तो माझा धंदा आहे. तुमचा धंदा कार्ड काढायचा."

मग भिंत हसला, आधी बारीक आणि मग पोट धरून, आणि तिला ओरडून सांगावं लागलं की हसताना गुडघा वाकवू नको. पंचही हसला. मग त्याने हळूच विचारलं, उठायला लावलं म्हणून जास्त फाटलं का? भिंतीने तिच्याकडे पाहिलं, सांगा म्हणून. तिने खरं तेच सांगितलं: फाटलं ते खाली पडतानाच. उठल्याने किती वाढलं, हे कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. त्याने मान हलवली. गोड खोटं बोलली असती तर त्याला कळलं असतं, आणि ते त्याला नको होतं, हे तिला दिसलं.

दारापर्यंत ती सोबत गेली.

"शिट्टी कधी घेताय?"

"गेल्या रविवारी विचारलं असतंत, तर कधीच नाही म्हणालो असतो." तो थांबला. "त्या दिवशी दुकानात तुम्ही मला 'तू' म्हणालात."

"रागात."

"रागात का होईना... बरं वाटलं."

"मग तूच म्हणेन," ती म्हणाली. "राग अजून पुरता गेलेला नाही."

तीन आठवड्यांनी तो मैदानात उतरला. सामना बाबांच्या लाडक्या संघाचा होता, म्हणून तिने मुद्दाम पंचायतीच्या बाकावर जागा घेतली. विसाव्या मिनिटाला समोरच्या संघाच्या गोलकीपरने चेंडू उगाच धरून ठेवला आणि याने धावत जाऊन कार्ड दाखवलं. पंचायत खूश. मग बाबांच्याच संघातल्या मधल्या खेळाडूने चौथ्यांदा टाचेला पाय लावला. पंचाने त्याला बोलावलं, बोटाने मैदानातल्या चार जागा दाखवल्या, इथे, इथे, तिथे आणि आत्ता इथे, आणि कार्ड. पंचायत खवळली. बाबांनी नेहमीप्रमाणे पंचाला चष्मा घ्यायचा सल्ला दिला, आणि तिला एवढं हसू आलं की तोंडावर रुमाल धरावा लागला.

शेवटच्या मिनिटांत बरोबरी होती. बाबांच्या संघाचे तिघे गोलकडे धावत सुटले होते, समोर एकटा गोलकीपर. तेवढ्यात मागे समोरच्या संघाचा एक बचावपटू गुडघा धरून पडला. तो पंचाकडे बघत नव्हता. गुडघ्याकडे बघत होता, पांढराफटक पडून. तिची बोटं बाकावर आवळली. खरं आहे, तिला वाटलं.

शिट्टी वाजली. खेळ थांबला. आणि स्ट्रेचर पोचायच्या आत तो बचावपटू उठला, दोन उड्या मारल्या, आणि आपल्या जागी गेला.

पंचायतीने जे काही म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. सामना बरोबरीत सुटला. बाबांचा घसा बसला होता. ते घोगऱ्या आवाजात एकच म्हणत होते, हातातोंडाशी आलेला गोल, हातातोंडाशी आलेला.

तिने मैदानाकडे पाहिलं. तो कार्ड खिशात ठेवून शांतपणे बाहेर चालला होता. मान खाली नव्हती. आणि तिला जे इतके दिवस कळत नव्हतं ते कळलं: खरं दुखणं एकदाही नजरेतून सुटू नये, म्हणून हा माणूस फसायलाही तयार होता.

"बाबा," ती म्हणाली, "मी त्या चष्म्याच्या दुकानातल्या माणसाबद्दल सांगितलं होतं ना?"

"हं."

"तो हाच पंच. मला त्याच्याशी लग्न करायचंय."

बाबांनी थर्मासचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून परत लावलं.

"त्याला विचारलंस?"

"अजून नाही."

"मग आधी त्याला विचार," बाबा म्हणाले. "मी नंतर विचारतो. माझे प्रश्न जास्त आहेत."

तो कपडे बदलायच्या खोलीबाहेर पायरीवर बसून बूट सोडत होता. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. त्याच्या खांद्यांवर बारीक थेंब चमकत होते. तिला पाहून तो उठला नाही, थोडा सरकला. ती शेजारी बसली.

"फसलो," तो म्हणाला.

"मीही फसले. मला शंभर टक्के खरं वाटलं."

"पुढच्या वेळीही थांबवेन बहुतेक. परत फसेन. लोक परत ओरडतील." त्याने बूट बाजूला ठेवला. "आयुष्यभर हे असंच चालेल. हे आधीच सांगून ठेवतोय. या वेळी आधी."

"का सांगतोयस?"

शिट्टी मारताना न अडखळणारा माणूस... शब्द शोधत होता.

"कारण मला वाटतं, तू... म्हणजे तुझी हरकत नसेल तर... माझ्याबरोबर..."

"हो," ती म्हणाली.

"मी अजून विचारलं नाही."

"मग विचार पटकन. माझं हो म्हणून झालंय."

त्याने विचारलं. पुरं वाक्य, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. तिने परत हो म्हटलं आणि त्याचा मातीने भरलेला हात हातात घेतला. तेवढ्यात स्टँडच्या जिन्यावरून चार म्हातारे खाली येताना दिसले. चौघेही एकाच वेळी बोलत होते, हातवारे करत होते, पावसाची पर्वा न करता तरातरा इकडेच येत होते.

तो एका पायात बूट, एका पायात मोजा, असाच उभा राहिला.

"यांतले तुझे बाबा कोणते?"

"सगळ्यात जास्त रागावलेले."

त्याने चौघांकडे नीट निरखून पाहिलं, शर्ट सारखा केला, आणि तिचा हात न सोडता त्यांच्या दिशेने चालू लागला.