दोन्ही कार्बोरेटर टेबलावर होते

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भाऊजींच्या बाबतीत, गेल्या वर्षी एका रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला घडलेली आहे. मला सांगतानाही त्यांचा आवाज पडला होता.

भाऊजी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करतात. सुट्टीला घराखालच्या गॅरेजमध्ये जुन्या जपानी मोटरसायकली दुरुस्त करत बसतात. हे वेड त्यांना मास्तरांनी लावलं. मास्तर तीन गल्ल्या सोडून राहायचे, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीची, दोन सिलिंडरची जपानी गाडी होती.

मास्तर अंथरुणाला खिळले, तेव्हा बंद पडलेली ती गाडी त्यांनी भाऊजींच्या हवाली केली.

"चालू झाली की माझ्या खिडकीखाली आण," ते म्हणाले. "एकदा आवाज ऐकला की झालं."

गाडी आठवड्यातच चालू झाली. आवाज असा गोड, की भाऊजींचा जीव तिच्यात अडकला.

परत दिली की गेली, असं त्यांच्या मनात आलं.

मास्तर रोज फोन करायचे. "झाली का रे?"

"कार्बोरेटर साफ व्हायचेत, मास्तर."

एकवीस दिवस हेच उत्तर.

बाविसाव्या दिवशी फोन आला नाही.

मास्तर गेले. भाऊजी भेटायला गेले, तर मास्तरांच्या पत्नी, काकूच म्हणाल्या, "गाडी तुझ्याकडेच राहू दे. त्यांचा फार जीव होता तुझ्यावर."

भाऊजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नको म्हणवलं नाही.

दोन महिन्यांनी, त्या रविवारी, त्यांनी खरोखरच कार्बोरेटर उतरवले होते. ताई वर झोपली होती. भाऊजी गाडीकडे पाठ करून, टेबलाशी बारीक तारेने एकेका जेटचं पेट्रोलचं भोक मोकळं करत होते.

मागे... खट्.

किकचा आवाज.

गाडी चालू करण्याआधी मास्तर दोन किक रिकाम्या मारायचे. इंजिनला जाग येऊ दे, म्हणायचे.

पुन्हा... खट्.

भाऊजींची मान वळेना.

तिसऱ्या किकला... इंजिन चालू झालं.

पेट्रोलची टाकी काढून फळीवर ठेवलेली. दोन्ही कार्बोरेटर टेबलावर. आणि मागे इंजिन संथ, एका लयीत चाललेलं.

मग आवाज हलला. दारातून बाहेर पडला. रस्त्याने लांब लांब जात... ऐकू येईनासा झाला.

भाऊजींनी धीर करून पाहिलं. गाडी होती तिथेच, स्टँडवर.

पाच मिनिटांत फोन वाजला. काकूंचा.

"बरं केलंस रे, खिडकीखाली आणलीस. उशिरा का होईना, शब्द पाळलास."

खरं सांगायला भाऊजींनी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते, "हो, काकू."

त्या 'हो'ची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटते.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी जाऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. एकवीस दिवसांचं खोटं. कालचं 'हो'सुद्धा. गाडी परत आणून देतो म्हणाले.

काकूंनी खिडकीकडे पाहिलं.

"अरे, पण मी खिडकीतून पाहिलं ना," त्या म्हणाल्या. "गाडी तूच चालवत होतास. मागे हे बसले होते. काहीतरी विचारत होते तुला... आणि तू बोलतच नव्हतास."

गाडी त्यांनी परत घेतली नाही.

आता ती जोडून तयार आहे. भाऊजी तिला स्टँडवरून खाली घेतात, आणि ते बसायच्या आत... मागचे शॉकअप हळूच दबतात.

मी स्वतः उभा राहून पाहिलंय.

"मास्तर, चुकलं माझं," भाऊजी दर वेळी म्हणतात. मग थांबतात, कान देऊन.

मागून अजून एकदाही उत्तर आलेलं नाही.