चाचीले उठवजो

आंधळगावात तलावाकडे उतरताना शेवटचं घर वहिदाचाचीचं, आणि त्याला लागून अलीकडे इतवारी धीवराचं. जाळी काढायला इतवारी कोंबडा आरवायच्या आधी निघायचा. खांद्यावर वल्हं असायचं. चाचीच्या घरापाशी आला की वल्ह्याच्या दांड्याने तो तिच्या खिडकीच्या टिनावर तीनदा ठोकायचा. आतून आवाज यायचा, "उठली रे बाबू." मग मडक्यात तांब्या बुडायचा, मोरीत पाणी पडायचं, आणि तोवर इतवारी डोंग्यापाशी पोचलेला असायचा.

चाची रात्रीची नमाज पढायची, तहज्जुदची. ही नमाज कोणावर बंधनाची नाही, असं तिनेच त्याला सांगितलं होतं. पाच वेळेला मशिदीतून अजान होते, हिच्यासाठी कोणी हाक देत नाही. आधी झोपायचं, मग आपणहून झोप मोडायची, आणि गाव घोरत असताना जे मागायचं ते मागायचं. म्हातारपणी तिला जाग येईना. मोबाईलचा गजर लावून दिला तर तो भरदुपारी बोंबलायचा. शेवटी हे काम इतवारीकडे आलं.

"साऱ्यांले अल्ला उठवते," चाची हसायची, "मले धीवर उठवते."

कधी कधी वुजू करून ती खिडकीशी यायची. नमाजाआधी हातपाय, तोंड धुतलेलं ते पाणी ती कधी पुसत नसे, तसंच अंगावर वाळू द्यायची. हनुवटीवरून थेंब गळत असायचे आणि ती म्हणायची, "मरळ गावली तर दोन ठेवजो मह्यासाठी."

मग इतवारीची नंदिनी पोटुशी होऊन माहेरी आली. ही तिसरी वेळ. आधीची दोन्ही लेकरं सातव्या महिन्यातच हातची गेली होती. दुसऱ्या खेपेला पोरगी महिनाभर कोणाशी बोलली नव्हती, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. पुन्हा तसं झालं तर पोरगी हाती लागत नाही, अशी भीती इतवारीला होती. त्याची बायको सखाबाई तर नवस बोलून बोलून थकली होती.

चाची आली, नंदिनीच्या डोक्यावर हात ठेवून बसली. म्हणाली, "हिच्या बाळासाठी मी रातच्याले मांगीन. पण मले उठवाले चुकजो नोको, इतवारी. झोपीतून उठल्याबिगर हे मांगणं होत नाही."

"नाही चुकत, चाची."

"चुकला, तर मीच येऊन तुह्या दारावर ठोकीन."

सगळे हसले. किती दिवसांनी नंदिनीही हसली.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी चाची खाटेवर पडली ती उठलीच नाही. इतवारीने खांदा दिला, कबरीत मूठभर माती टाकली. साकोलीहून आलेल्या तिच्या पुतण्याने, कय्यूमने, मडकी पालथी घातली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली इतवारीच्या हातात दिली.

"घरावर नजर ठेवजा, काका."

त्याच रात्री इतवारी डोंग्याकडे निघाला. डोक्यात नंदिनीचा विचार, कारण सातवा नुकताच लागला होता. पाय सवयीने थांबले, वल्हं सवयीने उचललं गेलं. तीनदा ठोकून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्याला भडभडून आलं. डोळे पुसून तो पुढे निघाला.

आत तांब्या बुडाला.

इतवारी भुताखेताला मानणारा माणूस नव्हता. उंदीर असेल म्हणून तो उभा राहिला. पण पाणी थांबून थांबून पडत होतं. आधी हातांवर, मग चूळ भरल्यासारखं, मग तोंडावर, मग कोपरापर्यंत, आणि ओला हात केसांवरून फिरवण्याइतकं थांबून शेवटी पायांवर. इतक्या वर्षांत तो क्रम त्याला पाठ झाला होता. "उठली रे बाबू" मात्र आलं नाही.

सकाळी त्याने कुलूप उघडून पाहिलं. मडकी पालथीच होती. मोरी ठणठणीत कोरडी होती. नमाजाची चटई कोनाड्यात, घडी घातलेली.

पुढच्या रात्री तो बांधावरून वळसा घालून तलावावर गेला, चाचीच्या खिडकीकडे फिरकलाच नाही. जाळं अर्धं काढलं असेल नसेल, काठावरून सखाबाईची हाक आली. नंदिनीच्या लुगड्यावर रक्त दिसलं होतं. रिक्षात घालून मोहाडीला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके आहेत, पण नेम नाही. नंदिनीने बापाचं मनगट धरून ठेवलं होतं.

"बाबा, हेही जाते का?"

त्याने मनगट हळूच सोडवलं. सखाबाईला तिथेच ठेवून तो तसाच घरी आला, अंधार होता तोवर चाचीच्या खिडकीशी गेला आणि टिनावर ठोकलं. तांब्या बुडाला, पाणी पडलं. सकाळी निरोप आला, रक्त थांबलं. योगायोग असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण त्यानंतर तो एकही रात्र चुकला नाही. तापाने फणफणला होता तेव्हाही भिंत धरत गेला.

"रिकाम्या घराले काहून ठोकून राहिले?" सखाबाईने एकदा विचारलं. "लोक हासतीन."

"सवय आहे."

ती चुलीतला जाळ सारत राहिली. मग हळूच म्हणाली, "मीबी आयकली."

"काय?"

"काही नाही. चुकजा नोका."

दिवस भरले, मुलगी झाली. घरी आणल्यावर नंदिनीने ती बापाच्या हातावर ठेवली, आणि इतवारी लेकरासारखा रडला. बाळ हाती आलं होतं. दिलेला शब्द पुरा झाला होता. संध्याकाळी तो खिडकीशी गेला. टिनाला हात लावून म्हणाला, "चाची, झालं तुमचं काम. आता झोपा निवांत. आता कोणी उठवत नाही तुमाले."

आत सामसूम होती. त्याला हलकं वाटलं, थोडं वाईटही वाटलं.

त्या रात्री जाळी नव्हती. कितीतरी महिन्यांनी तो गाढ झोपला.

दारावर ठोकलं तेव्हा तो जागा झाला.

तीनदा. लाकडाने ठोकावं तसं.

सखाबाई शेजारी घोरत होती. वल्हं कोपऱ्यात होतं. इतवारीने दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. चाचीच्या दाराला कुलूप तसंच लटकत होतं.

तांब्या बुडाला.

आवाज चाचीच्या घरातून आला नाही. त्याच्या पाठीमागून आला, नंदिनी निजली होती त्या खोलीतून.

पाणी थांबून थांबून पडत होतं.

तो खोलीत शिरला तेव्हा आवाज थांबला. नंदिनी कुशीवर झोपलेली. जमीन कोरडी. त्याने झोळीत डोकावलं.

बाळ जागं होतं. रडत नव्हतं. डोळे उघडे ठेवून वर बघत होतं.

मुतलं असेल म्हणून त्याने खालचं फडकं चाचपलं. फडकं कोरडं होतं. झबलंही कोरडं.

हात कोपरापर्यंत ओले होते. पाय घोट्यापर्यंत. केस पुढून जरासे भिजलेले.

खांद्यावरच्या पंच्याने पुसावं म्हणून त्याने हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला. बाळाच्या हनुवटीवरून एक थेंब गळला.