गप्प झालेली गाडी

"पळा! गाडी थांबत नाहीये!" ऋषी ओरडला.

अफिफानं कैऱ्यांची पाटी उचलून बाजूला उडी मारली. संस्कृती ओट्यावर चढली. सावळारामकाकांची पांढरी मोटार अंगणात शिरली, नेहमीची जागा ओलांडून पुढं गेली आणि बादली चेपून खुराड्यापाशी एकदाची थांबली. कोंबड्यांनी आकाशपाताळ एक केलं.

काका ऐटीत खाली उतरले. "काय घाबरताय राव! जरा पुढं आली, एवढंच."

"जरा?" संस्कृती म्हणाली. "काका, बादलीची परात झालीय!"

सावळारामकाका हे संस्कृती आणि ऋषीचे धाकटे काका. मनानं लोणी, पण कुठलंही काम 'बघू की' म्हणत पुढं ढकलण्यात अख्ख्या पिंपरी पेंढारमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ही बहीणभावंडं उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आली, की शेजारची अफिफा त्यांना येऊन मिळायची आणि मग तिघांचे पाय घरात ठरायचे नाहीत.

"एक गंमत बघितलीत?" अफिफा हळूच म्हणाली. "गाडी आज ओरडलीच नाही."

खरंच की! कालपर्यंत ब्रेक दाबला की पुढच्या उजव्या चाकातून असा 'चींऽऽ' आवाज निघायचा, की दारातलं कुत्रं भुंकत सुटायचं. आज त्यानं कानसुद्धा टवकारले नव्हते.

"आपोआप बरी झाली!" काका खूश होते. "उद्या सकाळी तुझ्या नानीला घेऊन माळशेज उतरायचाय न्हवं? गाडी शांतच पाहिजे."

अफिफानं चेपलेल्या बादलीकडं पाहिलं. तिच्या बिबिजान नानीचं कल्याणला डोळ्याचं ऑपरेशन होतं. नानीला आता जवळ बसलेल्या अफिफाचा चेहराही धूसर दिसायचा. ऑपरेशन तर व्हायलाच हवं होतं. पण माळशेजचा तो उतार, ती वळणं, एका अंगाला दरी... आणि ही गाडी सपाट अंगणात थांबत नव्हती!

काका चहाला आत गेले, तसे तिघं चाकांपाशी उकिडवे बसले. डाव्या चाकावर कोरडी काळी भुकटी होती. उजवं मात्र काळंभोर चकचकीत! ऋषीनं आत बोट घातलं. ते बरबटून बाहेर आलं.

"हे बघा!" संस्कृतीला चाकामागं चिंधी गुंडाळलेली काडी सापडली. "कुणीतरी आत वंगण चोपडलंय!"

ऋषीचे डोळे मोठे झाले. "ताई, मी साखळीला तेल घालताना सायकलच्या रिमवर सांडलं होतं. आठवतं?"

"न आठवायला काय झालं! ब्रेक दाबून दाबून शेवटी तू म्हशीवर जाऊन आदळलास."

"मग झालं तर! इथंही तेच झालंय."

वंगणाचं नळकांडं घरात एकाच माणसाकडं होतं. काकांचे वडील सोमाजी आजोबा गोठ्यात शर्यतीच्या बैलाची पाठ चोळत होते. त्यांनी तर छाती पुढं काढून कबूल केलं.

"मीच घातलं! लई कुरकुरत व्हती. चाक कुरकुरलं की वंगण, हे काय कुणी शिकवावं लागतं व्हय? घाटात बिबिजानच्या डोक्याला ताप नको म्हणलं."

"आजोबा, बैलगाडीचं चाक फिरायला पाहिजे. ब्रेकचं काम धरायचं!" संस्कृतीनं कपाळावर हात मारला. "ओरडणाऱ्याचं तोंड दाबलं म्हणून दुखणं जातं का?"

"एवढ्याशा वंगणानं काय व्हतंय!" आजोबा म्हणाले.

तेवढ्यात काका आले. त्यांनीही सगळं हसण्यावारी नेलं. "ते ब्रेकचे पॅड झिजले की आवाज येतोय. नवे आणून माळ्यावर ठेवलेत की! गावची यात्रा उरकली की बघू. डोळे झाकून घाट उतरतो मी."

"नानीचे डोळे झाकलेलेच आहेत, काका," अफिफा म्हणाली. "तुम्ही तरी उघडे ठेवा."

काकांनी एकदा चाकाकडं पाहिलं. पण पुन्हा मान झटकून म्हणाले, "न्हाई पोरी, काय होत न्हाई."

समजुतीनं काम होणार नव्हतं. संस्कृतीनं दोघांना डोळा मारला. "काका, मग लावा पैज! मळ्यात फक्कीची रेघ मारतो. सायकलच्या वेगानं या आणि रेघेवर गाडी थांबवून दाखवा."

शर्यत म्हटलं की या घरातला माणूस मागं हटतो होय? आजोबा स्वतः निशाण घेऊन बांधावर उभे राहिले. रेघेच्या पुढं पोरांनी कडब्याच्या पेंढ्यांची मोठी गंजी रचली.

"अजून डावीकडं," अफिफा म्हणाली. "उजवं चाक धरणार नाही, डावं धरेल. म्हणजे गाडी डावीकडं ओढली जाईल."

निशाण पडलं. गाडी आली. "दाबा ब्रेक!" तिघं ओरडले. काकांनी दाबला. गाडीनं रेघ ओलांडली, डावीकडं मान टाकली आणि भस्सकन कडब्यात घुसली!

ऋषी पोट धरून हसला. पण काका उतरले ते घामाघूम होऊन. त्यांनी एकदा मागच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं.

"हिथं कडबा व्हता," ते हळूच म्हणाले. "घाटात काय असतंय?"

आजोबांनी निशाण खाली ठेवलं. "माझं चुकलं रं पोरांनो."

मग मात्र काकांनी 'बघू की' म्हटलं नाही. गाडी ढकलत अंगणात आणली. माळ्यावरचे पॅड खाली आले. आळेफाट्याहून ब्रेक धुवायचा फवारा आला. संस्कृतीनं मागच्या चाकांना दगड लावले, ऋषीनं जॅक आणला. काकांनी आधी नट सैल केले, मग गाडी उचलून खाली लाकडी ओंडका सरकवला. चाक निघालं. आतले पॅड झिजून बिस्किटाहून पातळ झाले होते.

"वंगण पिलेले हे पॅड धुऊन चालायचे न्हाईत," काका म्हणाले. त्यांना येत सगळं होतं, आळस तेवढा आडवा यायचा! त्यांनी ब्रेकची लोखंडी तबकडी फवाऱ्यानं लख्ख पुसली, शिकंज्यानं पॅडला रेटणारा दट्ट्या मागं दाबला आणि नवे पॅड बसवले.

"डावीकडचेही बदला," अफिफानं बजावलं. "दोन्ही हात सारखे पाहिजेत!"

चाकं चढली, नट आवळले. काका चावी फिरवणार, तोच ऋषी खिडकीत लटकला. "थांबा! आधी पेडल दाबून बघा!"

काकांनी दाबलं. पेडल थेट तळाला गेलं!

"अरे हो! दट्ट्या मागं गेलाय न्हवं, आधी पुढं यायला पाहिजे," काका ओशाळले. त्यांनी पुन्हा पुन्हा पेडल दाबलं, तेव्हा कुठं ते घट्ट झालं. ब्रेकच्या तेलाची पातळीही त्यांनी तपासली. मग मळ्यात हळूहळू फेऱ्या मारल्या. शेवटच्या फेरीला गाडी सरळ आली आणि बरोब्बर रेघेवर उभी राहिली. गंजीतली एक काडीही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिबिजान नानी निघाली. घाट उतरल्यावर काकांचा फोन आला, तेव्हा कुठं अफिफानं हातातली भाकरी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी गाडी अंगणात आली आणि अलगद थांबली. नानी काळा चष्मा लावून उतरली.

"बिबिजान, ह्या पोरांनी आमा थोरांचे कान धरले," आजोबा म्हणाले. "म्हणून तू धड घरी आलीस."

"खरं हाय, मावशी," काका म्हणाले. "यांच्यापुढं माझी सगळी हुशारी कडब्यात गेली!"

नानीनं सावलीत येऊन चष्मा किंचित वर केला, अफिफाचा हात हातात घेतला आणि निरखून पाहिला.

"अगं, तुझ्या नखांत हे काळं काय आहे?"

"ब्रेकची काजळी, नानी. तीनदा धुतले हात, तरी... नानी! तुला दिसलं?"

नानीनं ती काळी बोटं ओठांना लावली. "सगळं दिसतंय, माझ्या राणी."